जुन्या लहान ट्रॅक्टरची निगा



आज बोलायचे आहे ते जुन्या, लहान ट्रॅक्टरविषयी. पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा, एका हातातून दुसऱ्या हातात आलेला, रंग उडालेला, पण अजून काम देणारा असा ट्रॅक्टर आता पुष्कळ गावांत दिसतो. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत ओळींमधून औषध मारायला तो लागतो. कोकणात लहान खाचरात चिखलणीला लागतो. एक-दोन एकरवाल्याला तर नवा मोठा ट्रॅक्टर परवडत नाही आणि त्याच्या रानात तो वळतही नाही. तेव्हा जुना लहान ट्रॅक्टर घेतला यात कमीपणा काहीच नाही. नीट सांभाळला तर तो वीस-पंचवीस वर्षे सहज चालतो.

हिंदुस्थानात बांधलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादेत आयशर कंपनीने बाहेर काढला. १९७४ साली पंजाबातून स्वराज ७२४ आला. पुढे बागांसाठी मित्सुबिशी शक्ती, महिंद्र युवराज असे आणखी छोटे ट्रॅक्टर आले. नावे वेगळी असली तरी जुने झाल्यावर सगळ्यांची कहाणी एकच होते. ती कोणती, ते सांगतो.

ट्रॅक्टर जुना होतो म्हणजे काय होते? आपण म्हणतो, इंजिन थकले, धूर टाकते, तेल खाते. ते खरे आहे. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट होते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. वर्षावर्षाला ट्रॅक्टरचे लहानलहान भाग नाहीसे होत जातात. मागच्या फिरत्या दांड्यावरचे झाकण एकदा काढले ते परत बसवलेच नाही. दोन ब्रेक जोडणारी खिट्टी हरवली. पिनेची क्लिप गेली, तिच्या जागी तार आली. किल्लीचा स्विच बिघडला, तेव्हापासून सेल्फला पाना टेकवून ट्रॅक्टर चालू होतो. ट्रॅक्टर तर चालतोच आहे, मग कशाला दुकानाची पायरी चढा, असे आपण म्हणतो. मंडळी, इंजिन थकले तर पैसे जातात. हे लहान भाग गेले की माणूस जातो. म्हणून निगा वेगळी आणि सुरक्षितता वेगळी असे मानू नका. काय काय नाहीसे झाले आहे ते शोधून परत जागेवर बसवणे, हीच जुन्या ट्रॅक्टरची पहिली निगा.

आता सुरुवात सकाळपासून करू.

सकाळी ट्रॅक्टर चालू करण्याआधी दहा मिनिटे काढा. आधी वाकून खालची जमीन पाहा. रात्रभरात काय गळाले ते जमीन सांगते. काळा डाग असेल तर इंजिनाचे तेल, डिझेल असेल तर वासावरून कळते, पाणी असेल तर रेडिएटर किंवा त्याची नळी. मग तेलाची पट्टी काढा. ट्रॅक्टर सपाट जागी हवा, नाहीतर पट्टी खोटे बोलते. तेल खुणेच्या खाली असेल तर भरायचे हे सर्वांना ठाऊक आहे. पण न भरता तेल वाढलेले दिसले तर? पुष्कळ जण खूश होतात! बरं का, ते वाईट लक्षण आहे. डिझेल किंवा पाणी तेलात उतरते आहे. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर पाणीच समजा आणि मिस्त्रीला दाखवल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

रेडिएटरचे पाणी सकाळी, इंजिन गार असतानाच पाहायचे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले की वाफ आणि उकळते पाणी थेट तोंडावर येते. खाऱ्या विहिरीचे पाणी घालू नका. त्याचे पापुद्रे आत बसतात आणि इंजिन तापू लागते. रेडिएटरच्या जाळीत भुसा, गवत, किडे अडकतात. ते रोज झटकले तर निम्मे तापणे तिथेच थांबते.

जुन्या ट्रॅक्टरला हवा गाळण्यासाठी बहुधा तेलाची वाटी असते. इंजिन जी हवा ओढते ती या तेलावरून जाते आणि धूळ तेलात बसते. रोटाव्हेटर चालू असताना किती धूळ उडते ते तुम्ही पाहता. त्या दिवसांत ही वाटी रोज उघडून पाहा. तळाशी गाळ बसला असेल तर वाटी डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे तेल घाला. खुणेच्या वर नको. वाटीपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी चिरलेली नाही ना, तेही बघा. चिरेतून शिरलेली धूळ गाळली जात नाही. ती कानशीसारखी सिलिंडर घासते आणि मग लोक म्हणतात, ट्रॅक्टर लवकर म्हातारा झाला.

डिझेलचीही तीच गोष्ट. पिंपातले डिझेल हलवून लगेच टाकीत ओतू नका. पिंप एक दिवस स्थिर ठेवा आणि तळाचे चार बोटे डिझेल सोडून वरचे काढा. टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी सुटते. भरताना इंजिन बंद आणि गार हवे, आणि जवळ विडी नको, हे सांगायला नकोच.

वंगणाबद्दल एवढेच सांगतो की ग्रीस देण्याआधी निपल पुसा. नाहीतर वरची माती ग्रीसबरोबर आत जाते. तेल किती तासांनी बदलायचे, चाकात हवा किती भरायची, हे प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका हरवली असेल तर त्या कंपनीच्या विक्रेत्याकडून मिळवा. तासांचे मीटर बंद पडले असेल तर एक वही करा. तारीख, काम, किती तास चालला, काय बदलले एवढे लिहा. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर वही त्याच्याकडे द्या. त्याचे गणित होते आणि तुमचा ट्रॅक्टर टिकतो.

आता जीवाच्या गोष्टींकडे येतो. त्या चार आहेत. या चार जागी फार जपायला हवे.

पहिली गोष्ट म्हणजे मागचा फिरता दांडा, ज्याला आपण पी.टी.ओ. म्हणतो. रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, मळणी यंत्र या सगळ्यांना याच दांड्यातून जोर मिळतो. शिक्षक मित्रांनो, हे गणित फळ्यावर मांडण्याजोगे आहे. हा दांडा बहुतेक ठिकाणी मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९ फेरे. जोडदांड्याचा परीघ सुमारे २० सेंटिमीटर धरा. नऊ गुणिले वीस, म्हणजे १८० सेंटिमीटर. एका सेकंदात जवळजवळ सहा फूट कापड या दांड्यावर गुंडाळले जाते. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, ओढणी, उपरणे, मफलर, मोकळी वेणी, काहीही एकदा अडकले की "बंद कर!" असे ओरडायलाही वेळ मिळत नाही. कापड फाटेल आणि माणूस सुटेल, असे मानू नका. पुष्कळदा कापड फाटत नाही, हातपाय जातो, कित्येकदा प्राण जातो.

याला उपाय अगदी साधा आहे. या जोडदांड्यावर प्लास्टिकची नळी असते आणि त्या नळीला एक बारीक साखळी असते. साखळी ट्रॅक्टरला किंवा अवजाराला अडकवली की आत दांडा फिरतो, वरची नळी स्थिर राहते. तिला कपडा लागला तरी गुंडाळत नाही. ही नळी फुटली म्हणून काढून टाकली असेल तर नवी आणा. ट्रॅक्टरच्या मागे जिथून दांडा निघतो तिथले लोखंडी छत्रही जागेवर हवे. दांडा फिरत असताना त्याच्यावरून ओलांडून जाऊ नका. वळसा घालून जा. बाया-माणसे कामाला असतील तर पदर खोचून घ्यायला आणि केस बांधायला सांगा. हे सांगण्यात लाज कसली?

दुसरी गोष्ट, ट्रॅक्टर मागे उलटणे. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते, हे तुम्ही पाहिले असेल. ट्रॅक्टरचेही असेच होते, पण फार झपाट्याने. मागची चाके चिखलात रुतली, पुढे सरकेनात आणि आपण जोर दिला, तर तो जोर जातो कुठे? चाके फिरत नाहीत म्हणून ट्रॅक्टरचे अंगच चाकांच्या आसाभोवती फिरू लागते आणि पुढची चाके उचलतात. तिथून पूर्ण उलटायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. उडी मारू, क्लच दाबू असे मनात येईपर्यंत सगळे होऊन जाते.

म्हणून ओढायचे ओझे, मग ती ट्रॉली असो, लाकडाचा ओंडका असो की झाडाचे बुंधे, ते नेहमी खालच्या ओढपट्टीलाच बांधावे. वरच्या टॉप लिंकच्या जागी साखळी कधीही बांधू नये. तीन हातांची ही जोडणी आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने नांगरासाठी बसवली आणि १९४६ पासून इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे निघालेल्या त्याच्या करड्या लहान ट्रॅक्टरबरोबर ती जगभर गेली. या जोडणीत नांगराचा रेटा पुढची चाके जमिनीला टेकवून ठेवायला मदत करतो. पण त्याच जोडणीच्या वरच्या टोकाला साखळी बांधून ओंडका ओढला, की उलटे घडते आणि ट्रॅक्टर मागे कोलमडतो. ट्रॅक्टर रुतला तर चाकांपुढे फळ्या घालून जोर देऊ नका. मागची माती उकरा आणि रिव्हर्समध्ये मागे काढून पाहा. निघत नसेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढा.

बाजूला कलंडणेही तितकेच वाईट. बागेत चालावा म्हणून लहान ट्रॅक्टरची चाके जवळजवळ घेतलेली असतात. तोच ट्रॅक्टर बांधावर, उतारावर सहज कलंडतो. चर किंवा कालव्याच्या काठाने जाताना चर जितका खोल तितके तरी अंतर काठापासून ठेवा, कारण ओली कड वजनाने ढासळते. मागे जड अवजार असेल आणि चढ उभा असेल तर ट्रॅक्टर उलटा, म्हणजे मागच्या अंगाने वर चढवा आणि उतरताना तोंड खाली ठेवून उतरा.

स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट सक्तीची झाली. त्यानंतर तिथे ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांची संख्या फार कमी झाली. तुमच्या ट्रॅक्टरला अशी चौकट असेल तर सीटचा पट्टाही बांधत जा. दोन्ही मिळूनच जीव वाचतो. चौकट नसेल तर मात्र पट्टा बांधू नका. बागेत फांद्या लागतात म्हणून चौकट दुमडली असेल तर बागेबाहेर पडताच उभी करा. चौकट नाही म्हणून गावच्या वेल्डरकडून नळीची चौकट करून घेऊ नका. उलटण्याचा दणका ती सोसेल की नाही याची परीक्षा कोणी केलेली नसते. कंपनीची, तपासलेली चौकट मिळते का, ते विचारा.

तिसरी गोष्ट, चालू करणे आणि थांबवणे. पाना टेकवून सेल्फ मारण्याची जी सवय मी मघाशी सांगितली, ती आजच सोडा. असे करताना माणूस जमिनीवर, मागच्या मोठ्या चाकाच्या अगदी पुढे उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन पेट घेताच चाक त्याच्या अंगावर येते. जो चालू करतो तोच चिरडला जातो. स्विच दुरुस्त करा आणि सीटवर बसून, गिअर न्यूट्रल पाहून, क्लच दाबूनच चालू करा. बंद खोलीत किंवा दाराआड इंजिन चालू ठेवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याचा वासही येत नाही.

थांबवताना क्रम पाठ करून ठेवा. अवजार जमिनीवर टेकवा, पी.टी.ओ. बंद करा, गिअर न्यूट्रलला घ्या, हातब्रेक ओढा, इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि दांडा पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. मगच खाली उतरा. रोटाव्हेटरच्या पात्यांत गवत, वेल, प्लास्टिक गुंतले तरी इंजिन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही. पाती आवळायला किंवा बदलायला खाली जायचे असेल तर उचललेल्या अवजाराखाली लाकडी ठोकळे द्या. हायड्रॉलिकच्या भरवशावर त्याखाली डोके घालू नका. जुनी लिफ्ट केव्हा खाली बसेल याचा नेम नाही. हायड्रॉलिकची किंवा डिझेलची नळी बारीक भोकातून फवारत असेल तर ती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. तो फवारा कातडीच्या आत शिरतो. वरून टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत हात कुजू लागतो. असे झाले तर हळद-चुना लावत न बसता त्याच तासाला शस्त्रक्रिया होईल अशा दवाखान्यात जा.

अवजार जोडताना आधी खालचा डावा हात, मग खालचा उजवा, आणि शेवटी वरची टॉप लिंक. उजव्या हाताची उंची कमीजास्त करता येते, म्हणून तो मागून. पिना लावल्या की क्लिप लावा. क्लिपच्या जागी खिळा किंवा तार चालत नाही. आणि ट्रॅक्टर मागे येत असताना ट्रॅक्टर व अवजार यांच्या मधे कोणीही उभे राहू नये. "ये, ये, आणखी ये" म्हणणारा माणूस नेहमी बाजूला हवा.

मळणी यंत्राबद्दल दोन शब्द. मळणीत हात तुटण्याचे प्रकार इतके झाले, की त्यासाठी १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन अधिनियम करावा लागला. सुरक्षित यंत्राची पेंढी सरकवायची पन्हाळी निदान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली असावी, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचत नाही. तुमच्या यंत्राची पन्हाळी आज मोजा. आखूड असेल तर बदला. आणि रात्री दोन वाजता, डोळ्यावर झोप असताना पेंढ्या सरकवू नका. पाऊस आला तरी एका रात्रीत सगळी रास गेली असे होत नाही, पण हात गेला तर तो गेलाच.

चौथी गोष्ट रस्त्यावरची. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना त्याचा उपयोग होतो. पण रस्त्यावर निघण्याआधी दोन्ही पॅडल खिट्टीने जोडलीच पाहिजेत. वेगात एकच पॅडल दाबले गेले तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि उलटतो. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, तेही मोकळ्या जागी सावकाश चालवून पाहा. गळीत हंगामात उसाची ट्रॉली जोडायची तर ट्रॅक्टरच्या वजनाचा विचार करा. लहान ट्रॅक्टर मोठी ट्रॉली सपाटीवर ओढतो, पण उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये कधी सोडू नका. ट्रॉलीच्या मागे लाल चकाकणाऱ्या पट्ट्या हव्यात आणि दिवे चालू हवेत. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून किती घरे बसली आहेत, ते तुम्ही वाचताच.

आता शेवटचे सांगणे मुख्यतः शिक्षकांसाठी आहे, कारण घरात आमच्यापेक्षा तुमचे जास्त ऐकतात. ट्रॅक्टरवर जागा एकाचीच असते. मडगार्ड ही बसायची जागा नव्हे. तरीही शाळा सुटली की मुले मडगार्डवर बसून शेतावर जातात, आणि बापालाही त्याचे कौतुक वाटते. एक खड्डा आला, एक धक्का बसला की मूल पुढे पडते आणि त्याच्यामागे असते ते त्याच बापाने चालवलेले मोठे चाक. ब्रेक दाबेपर्यंत उशीर झालेला असतो. मघाचे सेकंदाला नऊ फेऱ्यांचे गणित पाचवी-सहावीच्या वर्गात घाला. मुलांना घरी जाऊन आपल्या ट्रॅक्टरवर काय काय नाही त्याची यादी करायला सांगा: दांड्यावरची नळी, मागचे छत्र, ब्रेकची खिट्टी, पिनेच्या क्लिपा, किल्लीचा स्विच, लाल पट्ट्या. मुलाने वहीत लिहून आणलेली ही यादी बापाला टाळता येत नाही.

ट्रॅक्टर चालवण्याचे आणि निगेचे पद्धतशीर शिक्षण देणारे केंद्र मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ साली सुरू झाले. घरात तरुण मुलगा ट्रॅक्टर हाताळत असेल तर अशा शिक्षणाची चौकशी आपल्या तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात अवश्य करा.

तेव्हा मंडळी, या आठवड्यात एक काम करा. यादी हातात घेऊन ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारा आणि जे जे नाही ते येत्या बाजाराच्या दिवशी घेऊन या. दांड्यावरची नळी सर्वांत आधी आणा.